थंडीतलं वाळवण

चैत्र लागला की आमच्या रेवदंड्याच्या घरी आगोटीची गडबड सुरू व्हायची. सुके बोंबील, जवळा, सोडे, पापड, कुरडया, आमसुलं. पावसाळ्याचे चार महिने ज्यावर काढायचे, ते सगळं मे महिन्याच्या उन्हात कडकडीत वाळवून डब्यांत भरायचं. त्यामुळे भाचीने ओस्लोहून फोनवर सांगितलं, "मावशी, इथे उत्तरेला भर थंडीत मासे वाळत घालतात, तेही मीठ न लावता," तेव्हा माझा विश्वासच बसेना. ऊन नाही, मीठ नाही, मग मासा वाळतो कसा? नॉर्वेला जायचं ठरलं ते या प्रश्नापायी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, ईस्टरच्या आधी, आम्ही दोघी निघालो.

दिवस पहिला : ओस्लो

रविवार होता. भाची मला बिग्दॉय भागातल्या लोकसंग्रहालयात घेऊन गेली. १८९४ साली सुरू झालेलं हे उघड्यावरचं संग्रहालय आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातली जुनी लाकडी घरं उचलून इथे आणून उभी केली आहेत. मी सर्वात जास्त वेळ रमले ती 'स्टाबुर'पाशी. स्टाबुर म्हणजे धान्य, सुकं मटण, रोट्या ठेवायचं कोठार. ते जमिनीपासून उंच, खांबांवर बसवलेलं असतं, म्हणजे उंदरांना वर चढता येत नाही. घर साधं, पण कोठाराच्या दारावर कोरीवकाम! शेतकऱ्याची पत कोठारावरून ठरायची, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. आमच्या आजीच्या घरीही कणगी ओटीवरून दिसेल अशीच ठेवलेली असायची.

एका घरात चूल पेटलेली होती आणि एक बाई 'लेफ्से' भाजत होत्या. बटाटा, पीठ, थोडं लोणी. लाटण्यावर बारीक खाचा होत्या, त्यामुळे पोळीवरही रेघा उमटत होत्या. लाटून पोळी पार पातळ झाली की हातभर लांब, चपटी काठी तिच्याखाली सरकवायची, पोळी काठीवर उचलायची आणि मोठ्या सपाट तव्यावर उलगडत सोडायची. मांडे करणाऱ्या बाईच्या हातात जी सफाई असते, तीच ही. लोणी-साखर लावून, घडी घालून त्यांनी ती आमच्या हातात दिली. गरम, मऊ, जेमतेम गोड.

बटाटा मात्र इथे अलीकडचा. तो अठराव्या शतकाच्या मध्यावर आला. त्याआधीची खरी रोटी म्हणजे 'फ्लाटब्रो', बार्ली किंवा ओटच्या पिठाची, कागदासारखी पातळ आणि कडक. वर्षातून एक-दोनदा भाजायची आणि चळत रचून कोठारात ठेवायची. कोरडी राहिली तर महिनोन्‌महिने टिकते. या थंड देशात गहू नीट पिकत नाही, बार्लीच काय ती भरवशाची. त्यामुळे व्हायकिंगांच्या काळापासून पोट बार्लीवरच.

रात्री भाचीने 'राकफिस्क' आणून ठेवला होता. गोड्या पाण्यातला ट्राउट साफ करून थोड्या मिठात दाबून ठेवायचा. त्याला सुटलेल्या पाण्यातच तो गारव्यात दोन-तीन महिने मुरत राहतो. शिजवायचा नाही, तसाच लेफ्सेत गुंडाळून, कांदा आणि आंबट साय घालून खायचा. वास उग्र आहे, पण ज्याच्या घरात करंदीचं लोणचं मुरतं त्याला तो परका वाटणार नाही. मी दोनदा घेतला. जेवण झाल्यावर भाची म्हणाली, "ताक फॉर माटन." जेवणाबद्दल आभार. इथे लहान मूलसुद्धा हे म्हटल्याशिवाय टेबलावरून उठत नाही. मी तिला म्हटलं, "अगं, आपले आजोबा 'अन्नदाता सुखी भव' म्हणूनच उठायचे, विसरलीस का?"

दिवस दुसरा : ओस्लो ते ट्रॉनहाइम

रेल्वेने सात तास. मधली गुडब्रान्सडाल दरी आली आणि मी ब्रूनोस्तचा डबा उघडला. ब्रूनोस्त म्हणजे तपकिरी चीज. खरं म्हणजे हे चीजपेक्षा खव्याच्या जवळचं. चीज करून उरलेली निवळी तासन्‌तास आटवायची. पाणी उडून जातं, दुधातली साखर करपायच्या आधी तांबूस होते, आणि गोळा घट्ट होत जातो. निवळी आटवायची रीत जुनीच होती, पण याच दरीतल्या आन्ने होव या गवळणीने १८६३ साली त्या निवळीत साय घातली आणि आजचं ब्रूनोस्त तयार झालं. लोण्याधान्याचे भाव पडलेले असताना या चीजने दरीतल्या शेतकऱ्यांच्या हातात पैसा आणला, म्हणून तिचं नाव अजून आदराने घेतात.

चव? साताऱ्याचा कंदी पेढा जर थोडा खारट आणि थोडा आंबट झाला, तर तो असा लागेल. याचे जाड तुकडे खायचे नाहीत, पातळ पापुद्रेच काढायचे. त्यासाठीचा चिरा पडलेला चपटा कालथा लिलेहामरच्या सुताराने, टोर ब्यॉर्कलुंडने, १९२५ मध्ये रंध्यावरून बेतला. आमची गाडी लिलेहामरला थांबली तेव्हा भाचीच्या हातात तोच कालथा होता.

उन्हाळ्यात गुरं डोंगरावरच्या कुरणात न्यायची, तिथल्या झोपड्यांत मुलींनी राहायचं, दूध काढून लोणी, चीज करायचं आणि शरद ऋतूत सगळं खाली आणायचं. ही पद्धत शेकडो वर्षं चालली. गाडीच्या खिडकीतून ते डोंगर बर्फाखाली झोपलेले दिसत होते.

दिवस तिसरा : ट्रॉनहाइम ते बुडो

पुन्हा दिवसभर गाडी. साल्टफियेलच्या उघड्या पठारावर आर्क्टिक वर्तुळ ओलांडलं. दुपारभर बर्फ आणि बर्चची खुरटी झाडं, बाकी काही नाही.

दिवस चौथा : लोफोतेनकडे

वारा इतका होता की सकाळची बोट सुटलीच नाही. दुपारी निघालो आणि साडेतीन तासांनी समोर लोफोतेनच्या कड्यांची भिंत उभी राहिली. रात्री रेइनेत 'रोरबू'मध्ये उतरलो. रोरबू म्हणजे मासेमारांची लाल लाकडी खोपटी, अर्धी पाण्यात रोवलेल्या खांबांवर. हंगामात बाहेरगावाहून होड्या वल्हवत येणाऱ्यांना निवारा हवा म्हणून ओयस्टाइन राजाने ११२० च्या सुमारास काबेलवॉगला अशी पहिली घरं बांधली, असं मानतात.

धक्क्यावर ताजा 'स्क्राय' मिळाला. कॉड मासा एरवी कॉडच, पण दर हिवाळ्यात जो बॅरेंट्स समुद्रातून शेकडो मैल पोहत अंडी घालायला लोफोतेनला येतो, तो स्क्राय. जुन्या नॉर्स भाषेत या शब्दाच्या मुळाशी 'चालत पुढे जाणे' असा अर्थ आहे. म्हणजे हा मासा वारकरीच म्हणायचा. घरमालकांनी सांगितलं तसं आम्ही 'मोल्ये' केलं. माशाचे जाड तुकडे खारट पाण्यात, पण पाणी खळखळू द्यायचं नाही. गाभोळी वेगळी, कागदात गुंडाळून. कलेजी कांदा आणि मिरीदाणे घालून. सोबत उकडलेले बटाटे. मसाला म्हणून एवढंच. तुकडा काट्याने दाबला की पांढऱ्या पाकळ्या सुटतात, त्यावर कलेजीचं सोनेरी तेल ओतायचं.

हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य न दिसणाऱ्या किनाऱ्यावर हाडं शाबूत राहिली ती याच कलेजीमुळे. त्यात ड जीवनसत्त्व भरपूर असतं. आमच्या पिढीला शाळेत असताना आई नाक दाबून कॉडलिव्हर ऑइल पाजायची, त्या बाटलीचं मूळ गाव मला इथे, ताटात सापडलं.

दिवस पाचवा : ऑ

लोफोतेनचा रस्ता जिथे संपतो त्या गावाचं नाव एकाच अक्षराचं आहे, ऑ. अर्थ ओढा. गावाच्या अलीकडेच ते दिसायला लागले : 'येल', म्हणजे माशांचे मांडव. लाकडी ओंडक्यांची तिरकी चौकट, दोन पुरुष उंच, आणि तिच्यावर आडव्या काठ्यांना उलटे टांगलेले हजारो मासे. शेपटीशी दोरीने जोडी बांधून एक मासा काठीच्या या बाजूला, एक त्या बाजूला. वारा आला की ते एकमेकांवर आपटून लाकडासारखे टक्‌टक्‌ वाजतात. आमच्याकडे कोळीवाड्यात बांबूच्या वलांडीवर बोंबील असेच जोडीने, तोंडात तोंड अडकवून घालतात. मी त्या मांडवाखाली उभी राहून वर बघत राहिले. वास होता, पण आपल्या सुकटीसारखा चढलेला नाही. समुद्राचा, गार, ओलसर वास.

मांडवाशी काम करणाऱ्या गृहस्थांना मी माझा प्रश्न विचारला. भाचीने भाषांतर केलं. त्यांनी एका माशाचं पोट दोन बोटांनी उघडून आत दाखवलं. कणा, मांस, सगळं वरून कोरडं. ते म्हणाले, "इथे फेब्रुवारी ते मे हवा शून्याच्या जरा वर-खाली असते. माशी अजून जन्मलेली नसते. वारा सतत. ऊन कशाला हवं?" थंडी माशाला सडू देत नाही आणि वारा त्याचं पाणी नेतो. फार गोठलं तर मांसाचे धागे तुटून मासा भुसभुशीत होतो, फार ऊब आली तर सडतो. आखाती प्रवाहाच्या (गल्फ स्ट्रीमच्या) कोमट पाण्यामुळे हा किनारा एवढ्या उत्तरेला असूनही फार गोठत नाही, म्हणून ही जागा मधोमध, नेमकी. तीन महिन्यांत साधारण पाच किलो माशाचा एक किलो 'टोर्फिस्क' होतो, आणि तो वर्षानुवर्षं टिकतो.

मिठाचं कोडंही तिथेच सुटलं. आपल्याकडे मिठागरात पाणी घेतलं की सूर्य बाकीचं बघतो. इथे समुद्र दाराशी, पण सूर्य नाही. मीठ हवं तर लाकडं जाळून पाणी आटवायचं किंवा बाहेरून आणायचं. मीठ महाग, वारा फुकट.

आणि या वाऱ्यावर केवढा इतिहास उभा आहे! एगिलचा सागा या जुन्या आइसलँडी कथेत थोरोल्फ क्वेल्दुल्फसन नवव्या शतकात इथून सुका मासा जहाजाने इंग्लंडला पाठवतो. व्हायकिंग समुद्रावर महिनोन्‌महिने राहू शकले, त्यात या न सडणाऱ्या शिदोरीचा मोठा वाटा. पुढे बर्गनच्या धक्क्यावर जर्मन हान्सा या व्यापारी संघाच्या लोकांनी कोठ्या उघडल्या त्याही यासाठीच. १४३२ मध्ये पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा कप्तान जहाज फुटून जवळच्या रोस्त बेटांवर लागला. मासेमारांनी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना काही महिने घरात ठेवून जगवलं. हे लोक सुका मासा कुऱ्हाडीच्या पाठीने ठेचतात आणि लोण्यात कालवून खातात, असं त्याने लिहून ठेवलं. आज टोर्फिस्कचं सर्वात मोठं गिऱ्हाईक इटली आहे.

माशांची डोकी वेगळी, माळेत ओवून टांगलेली होती. ती नायजेरियाला जातात. तिथल्या इग्बो लोकांच्या रश्श्यात हा मासा लागतोच. १९६७ ते १९७० च्या बियाफ्रा युद्धात, म्हणजे नायजेरियातल्या यादवीत, तो मदत म्हणूनही गेला आणि घरोघरी आणखी रुळला. डोकी ओवायच्या आधी जिभा काढतात, आणि ते काम परंपरेने मुलांचं. शेडमध्ये दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा उभ्या खिळ्यावर डोकं टोचायचा, सुरी एकदा फिरवायचा, जीभ बादलीत, डोकं मागे. एका डोक्याला दोन सेकंद. कमाई त्याचीच. आम्ही त्याच्याकडून अर्धा किलो घेतल्या आणि रात्री पिठात घोळवून लोण्यात तळल्या. बाहेरून कुरकुरीत, आत लुसलुशीत, थेट मांदेलीची आठवण.

दिवस सहावा : बोर्ग

१९८१ साली बोर्गला एका शेतकऱ्याच्या नांगराखाली जुन्या वस्तू वर आल्या आणि खणल्यावर व्हायकिंग काळातलं आजवर सापडलेलं सर्वात लांब घर निघालं, ८३ मीटर. शेजारी ते पुन्हा उभं केलं आहे. आत एका टोकाला गुरं, मधे माणसं, आणि मधोमध लांब चूल. धूर डोळ्यांना लागतो. शंखजिऱ्याच्या दगडाची भांडी ठेवली आहेत. तो दगड मऊ म्हणून कोरता येतो आणि उष्णता धरून ठेवतो. आम्हाला कोकराचं सूप आणि बार्लीची रोटी मिळाली. सुपात कंदमुळं आणि मीठ, बस. संध्याकाळी स्वोल्व्हेरहून उत्तरेकडे जाणारी बोट धरली.

दिवस सातवा : ट्रोम्सो

ट्रोम्सोत जेवणाच्या पाटीवर एक पदार्थ होता, 'राइनस्काव' : गोठलेल्या रेनडियरच्या मांसाचे पातळ काप, अळंबी, साय, जुनिपरची फळं आणि रश्श्यात किसलेलं ब्रूनोस्त. वर तितेबेर नावाची तांबडी आंबट फळं. भाची म्हणाली, "मावशी, माझ्या वसतिगृहात याला 'फिनबिफ' म्हणतात." वाढणाऱ्या मुलीने ते ऐकलं. ती स्वतः सामी, म्हणजे या उत्तर भागातल्या मूळ रहिवाशांपैकी होती. तिने शांतपणे सांगितलं की 'फिन' हा सामींना लावलेला जुना शब्द आहे, तो हिणवायला वापरला गेला, म्हणून आता बरेच जण राइनस्काव म्हणतात. त्यानंतर तो घास मला वेगळा लागला. सामी लोकांच्या जनावराचं, त्यांच्या रीतीने कापलेलं मांस देशभर आवडीने खाल्लं गेलं, आणि पदार्थाच्या नावात त्यांचा कमीपणा राहून गेला.

हे नातं हजार वर्षांपेक्षा जुनं आहे. सुमारे ८९० साली याच उत्तर किनाऱ्यावरचा ओत्तार नावाचा नॉर्स सरदार इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या दरबारात गेला. त्याने सांगितलेली माहिती तिथे लिहून घेतली गेली. त्याच्याकडे गाई वीस, मेंढ्या वीस, डुकरं वीस, पण रेनडियर सहाशे! आणि त्याची खरी श्रीमंती म्हणजे सामींकडून येणारा कर : कातडी, पिसं, वॉलरस आणि सीलच्या चामड्याचे दोर. व्हायकिंग जहाजांचे दोर, अंगावरची फर, ताटातलं मांस, या सगळ्यात सामी हात आहे. व्हायकिंगांच्या गोष्टी सांगताना तो हात कुणी फारसा दाखवत नाही.

दिवस आठवा : आल्ता ते कौतोकेइनो

आल्ताहून बस आत वळली की समुद्र संपतो आणि पठार सुरू होतं. वाटेत मासी हे गाव लागलं. नदीवरच्या धरणाच्या पहिल्या आराखड्यात हे सामी गाव बुडणार होतं. १९७९ मध्ये सामी तरुणांनी ओस्लोत संसदेसमोर आपला तंबू, 'लाव्वु', उभारून उपोषण केलं. धरण झालं, पण गाव वाचलं, आणि त्या लढ्यातूनच १९८९ मध्ये सामी संसद उभी राहिली. त्याआधीच्या शंभर वर्षांत शाळांतून सामी भाषा मोडून काढायचे प्रयत्न झाले. त्याबद्दल नॉर्वेच्या संसदेने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये माफी मागितली. शाळेत बोलायला बंदी असलेले शब्द स्वयंपाकघरात मात्र टिकले. दुसऱ्या दिवशी ते मी कानांनी ऐकले.

दिवस नववा : कौतोकेइनो

सामीत या गावाचं नाव गुओव्दागेआइद्नु. सकाळी उणे अठरा, पण ऊन लख्ख. ईस्टरच्या रेनडियर शर्यतींना तीन-चार दिवस होते. ईस्टर हा इथला लग्नांचा मोसम. त्यानंतर कळप पठारावरून किनाऱ्याकडे निघतात, उन्हाळी चराईला. रेनडियर पाळणाऱ्या एका कुटुंबाने आम्हाला लाव्वुत बोलावलं होतं. मधे 'आर्रान', दगडांनी आखलेली चूल. खाली बर्चच्या डहाळ्या, त्यावर रेनडियरची कातडी. चुलीच्या पलीकडची, दारासमोरची जागा स्वयंपाकाची आणि पूर्वीपासून पवित्र मानलेली. तिथून कुणी आडवं जायचं नाही. मी आपसूक चप्पल काढल्यासारखे पाय आवरून बसले.

घरच्या बाई सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी 'बिदोस' शिजवलं होतं, लग्नातलं मानाचं जेवण. रेनडियरचं मांस हाडासकट पाण्यात मीठ घालून तीन-चार तास मंद उकळायचं, मग बटाटे, गाजरं, कांदा. मसाला नाही, पीठ नाही, रस्सा हाडांच्या चिकाने दाट होतो. त्यांनी नळीचं हाड फोडून मगज माझ्या रोटीवर काढून दिला. ती रोटी म्हणजे 'गाहक्कु', चुलीपाशी भाजलेली, जाडसर, किंचित गोड. जिभेची, रक्ताची, कलेजीची, सगळ्याची काही ना काही पाककृती त्या सांगत गेल्या. खूर, शिंग, स्नायूंचे धागे, काही टाकायचं नाही. स्नायूंच्या धाग्यांनी तर चपला शिवतात.

मग कॉफी आली. त्यांनी खिशातल्या सुरीने काळपट, कडक मांसाच्या चिंध्या कापल्या आणि सरळ माझ्या कपात टाकल्या. 'गोइकेबिएर्गु', सुकं मांस. कॉफीत ते मऊ होतं, त्याची चरबी वर तरंगते, आणि घोट खारट-धुरकट होतो. आधी कॉफी प्यायची, मग तळाचं मांस चावायचं. बाहेर पाणी गोठत असताना अंगात जी ऊब जाते ती मला शब्दांत धरता येत नाही.

मी लोफोतेनहून टोर्फिस्कचा एक तुकडा आणला होता, तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो नाकाशी नेला आणि हसल्या. "हा आमच्याकडे वेर्द्देकडून यायचा," त्या म्हणाल्या. 'वेर्द्दे' म्हणजे किनाऱ्यावरचं ठरलेलं घर. कळपवाल्यांनी तिथे उतरायचं, मांस आणि कातडी द्यायची, मासे आणि बटाटे घ्यायचे. आईनंतर मुलीने, बापानंतर मुलाने हा घरोबा चालवायचा. किनाऱ्यावरची ती घरं कधी नॉर्वेजियन असत, कधी समुद्रकाठच्या सामींची. सामी म्हणजे रेनडियरच, असं मी समजून आले होते. प्रत्यक्षात पूर्वीपासून बहुतेक सामी मासेमारी आणि शेतीवरच जगत आले आहेत, आणि येल उभारून मासे त्यांनीही वाळवले आहेत.

लाव्वुबाहेर खांबावर उभं केलेलं छोटं कोठार होतं, 'न्याल्ला'. ओस्लोतल्या स्टाबुरची धाकटी बहीण. शेजारी जाळी लावलेल्या मांडवावर मांसाचे लांब काप वाऱ्यावर हलत होते. भाचीसाठी आणलेली आमसुलं माझ्या पिशवीत उरली होती. मूठभर त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी एक तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि बराच वेळ चघळत राहिल्या. मग भाचीमार्फत विचारलं, हे तुम्ही कुठल्या महिन्यात वाळवता?

"एप्रिल-मेमध्ये," मी म्हटलं. "फळांची सालं, त्यांच्याच रसात बुडवून, पुन्हा पुन्हा उन्हात."

"एप्रिल," त्या म्हणाल्या, आणि जाळी बाजूला करून एक काप बोटांत दाबून पाहिला. "आमचंही तोवर होईल."